कळ थांबली, पण खडा पडला का?

विचारणाऱ्यांचं वय ३६, अमळनेर तालुक्यात शेती, कापूस आणि मका. अठरा दिवसांपूर्वी पहाटे त्यांच्या डाव्या कुशीतून कळ उठली, जांघेपर्यंत उतरली, उलट्या झाल्या. सोनोग्राफीत डाव्या मूत्रनळीच्या अगदी खालच्या टोकाला ६ मिमीचा खडा, डाव्या किडनीला थोडी सूज, आणि उजव्या किडनीत ४ मिमीचा आणखी एक खडा निघाला. इंजेक्शन आणि सलाईन झालं. तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं, ते आजपर्यंत परत आलेलं नाही. खडा पडलेला मात्र दिसला नाही. रावेरचे मामा केळीच्या खोडाचा रस पाठवताहेत, घरात टोमॅटो, वांगी आणि दूध बंद झालंय, आणि गाव बोअरच्या पाण्याला दोष देतंय. त्यांचे प्रश्न असे: ऑपरेशन लागेल का, पाणी बदलावं का, खावं काय, आणि धाकट्या भावालाही तपासून घ्यावं का.

बाकी सगळ्याकडे येतोच, पण आधी एक काम करा. उद्या सकाळी पुन्हा सोनोग्राफी करून घ्या, लघवी दाटून आलेली असताना. सोबत पोटाचा साधा एक्स-रे, लघवीची तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनी किती काम करते हे सांगणारी तपासणी. दुखत नाही म्हणून हे पुढे ढकलू नका. जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात बावीस वर्षं मूत्ररोगाचं काम करतोय. मुतखड्यापायी किडनी गमावलेले जे रुग्ण पाहिले, त्यांतल्या बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली: "मधे एकदा खूप दुखलं होतं साहेब, मग आपोआप थांबलं."

असं का होतं ते समजून घ्या. मूत्रनळी पंचवीस-तीस सेंटीमीटर लांब असते आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. ती लाटा मारत लघवी खाली ढकलत असते. तीन जागी ती जास्त चिंचोळी होते: किडनीतून निघते तिथे, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. तुमचा खडा सोनोग्राफीत या तिसऱ्या जागी दिसला होता. खडा अडकला की मागे लघवी तुंबते, किडनी ताणली जाते, आणि ती कळ उठते. खडा टोचतो म्हणून दुखतं असं लोकांना वाटतं, पण खरं दुखणं या तुंबण्याचं आहे. म्हणूनच ३ मिमीचा खडा धडधाकट माणसाला जमिनीवर लोळवतो आणि किडनीत बसलेला दोन सेंटीमीटरचा खडा वर्षानुवर्षं गप्प राहतो.

आता हे तुंबणं तसंच राहिलं तर किडनी हळूहळू गाळण्याचं काम कमी करते. लघवी कमी तयार होते, आतला दाब उतरतो आणि कळ थांबते. खडा जागचा हललेलाही नसतो. खडा थोडा फिरला आणि बाजूने लघवीला वाट मिळाली तरीही कळ थांबते, ते चांगलं. खडा मूत्राशयात उतरला तरी थांबते, ते त्याहून चांगलं. तिन्ही वेळा तुम्हाला आतून वाटतं ते सारखंच. यातलं नेमकं काय झालं हे अंगावरून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. सोनोग्राफीत दिसतं.

तापीकाठच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही, ओळख पटेल. वय चाळीसच्या आत. ॲसिडिटीसाठी पोटाची सोनोग्राफी करायला आले होते. उजवी किडनी व्यवस्थित. डावीकडे प्रोब नेला तर पडद्यावर किडनीच्या जागी नुसती काळी पिशवी, पाण्याने भरलेली, आणि कडेला कागदाइतका पातळ पांढरा काठ. खाली मूत्रनळीत आठ मिमीचा खडा. विचारलं तेव्हा आठवलं, अडीच वर्षांपूर्वी केळीची लागवड चालू असताना दोन दिवस दुखलं होतं, गावातच सुई घेतली, थांबलं. आम्ही खडा काढला, पण त्या किडनीत काम करण्याजोगं काही उरलं नव्हतं. पडद्यावरचं ते चित्र त्यांनाही दाखवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक सोनोग्राफी केली असती तर?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देता आलं नाही.

पूर्ण अडथळा दोनेक आठवड्यांच्या पुढे गेला की किडनीचं कायमचं नुकसान सुरू होतं असं धरून आम्ही चालतो. अडथळा अर्धवट असेल तर जास्त सवड मिळते, पण चार आठवड्यांच्या पुढे थांबायचं नाही हा सर्वसाधारण नियम. तुमचे अठरा दिवस झालेत.

उद्याच्या तपासणीत तीन गोष्टी बघायला सांगा. डाव्या किडनीची सूज उतरली का? खडा कुठे आहे? आणि डाव्या बाजूने मूत्राशयात लघवीची पिचकारी येते का? ही पिचकारी रंगीत डॉपलरवर, म्हणजे वाहतं पाणी रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, सुरेख दिसते. भरलेल्या मूत्राशयाच्या काळ्या डबक्यात एका कोपऱ्यातून क्षणभर लाल-केशरी झोत उसळतो आणि विझतो. दोन्ही बाजूंनी सारखे झोत येत असतील तर वाट मोकळी आहे. डावीकडून झोत येतच नसेल किंवा सूज वाढली असेल, तर पुढे थांबण्यात अर्थ नाही, दुर्बिणीने खडा काढून घ्यायचा. सोनोग्राफीत मूत्रनळीचा मधला भाग आतड्यातल्या वायूमुळे अनेकदा दिसत नाही. चित्र स्पष्ट झालं नाही तर इंजेक्शनचं औषध न घालता, कमी किरणांचा सीटी स्कॅन करतात. खडा शोधायला त्याच्याइतकी अचूक तपासणी दुसरी नाही.

सूज उतरली असेल, पिचकारी येत असेल, ताप नसेल, क्रिएटिनीन नॉर्मल असेल, तर आणखी आठ-दहा दिवस वाट बघायला हरकत नाही. पाच मिमीच्या आतले शंभरातले साधारण ६८ खडे आपोआप पडतात. पाच ते दहा मिमीमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. तुमचा खडा सहाचा आहे, पण अगदी खाली उतरलाय, म्हणजे आशा बरी. अशा खड्यांना टॅमसुलोसिनची गोळी मदत करते, कारण नळीचा खालचा भाग तिच्यामुळे सैल पडतो. मात्र तिने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून ती रात्री झोपताना, आणि डॉक्टरांना विचारूनच.

या काळात काही झालं तर घरी थांबायचं नाही अशी लक्षणं नीट लक्षात ठेवा. थंडी वाजून ताप आला तर त्याच तासाला निघा, मध्यरात्र असली तरी. अडकलेल्या खड्यामागे पू साचला तर जंतू रक्तात पसरतात आणि माणूस एका दिवसात जाऊ शकतो. अशा वेळी आम्ही खड्याला हातही लावत नाही. आधी नळी घालून किडनी मोकळी करतो, जंतुसंसर्ग आटोक्यात आणतो, खडा नंतर. लघवी अजिबात बंद झाली, उलट्या थांबेनात, किंवा इंजेक्शन घेऊनही कळ कमी होईना, तरीही तसंच निघायचं. ज्यांना एकच किडनी आहे त्यांनी आणि गरोदर बाईने तर पहिल्या कळेलाच दवाखाना गाठायचा.

सलाईनबद्दलही सांगून टाकतो, कारण आपल्याकडे त्यावर फार विश्वास आहे. सलाईनच्या बाटल्या चढवून खडा खाली ढकलला जात नाही. कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी पिऊनही नाही, उलट तुंबलेल्या किडनीत आणखी लघवी जाते आणि दुखणं वाढतं. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईन लागतं, तेवढंच त्याचं काम. कळेवर सगळ्यात चांगलं औषध डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक आहे, कारण नळीची सूज आणि किडनीतला दाब दोन्ही त्याने उतरतात. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे किंवा पोटात अल्सर आहे त्यांना मात्र ते देत नाहीत. मेडिकलवरून पत्ता आणून पंधरा पंधरा दिवस खाण्याचं तर हे औषध नव्हेच.

आता मामांच्या रसाकडे येऊ. तुमच्याकडे ठिबक असेल. नळ्यांमध्ये क्षार बसले की आपण ॲसिड सोडतो आणि नळी मोकळी होते. रुग्ण मला हेच विचारतात: "तसं काहीतरी द्या ना डॉक्टर, खडा विरघळून जाईल." ठिबकच्या नळीतला क्षार चुन्याच्या जातीचा असतो, ॲसिडला लगेच दाद देतो. आपल्या पोटातले दहातले सात-आठ खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. हे खडे एकदा घट्ट झाले की माणसाला सोसेल अशा कुठल्याही औषधाने, रसाने किंवा काढ्याने विरघळत नाहीत. केळीच्या खोडाचा रस, पानफुटीची पानं, हुलग्याचं कढण, यांनी तयार खडा विरघळल्याचा माणसांमधला भरवशाचा पुरावा नाही. ज्यांचा चार मिमीचा खडा रस पिताना पडला, त्यांतल्या बहुतेकांचा तो न पिताही पडला असता. हुलगे खायला उत्तम आहेत, आवडत असतील तर जरूर खा. मामांचं प्रेमही खरं आहे. माझी काळजी एवढीच की रस चालू आहे या भरवशावर सोनोग्राफी राहून जाते आणि महिने निघून जातात. बिअर मात्र औषध म्हणून कुणीही पिऊ नये. आधी लघवी जास्त होते, पण नंतर अंग कोरडं पडतं, आणि युरिक ॲसिड वाढतं ते वेगळंच.

एका जातीचा खडा खरोखर विरघळतो, तो युरिक ॲसिडचा. त्याला ठिबकच्या उलट उपाय लागतो: लघवीतली आम्लता कमी करायची. पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साडेसहा ते सातच्या दरम्यान ठेवला तर काही आठवड्यांत खडा झिजून जातो. मधुमेही, वजन जास्त असलेल्या आणि गाऊटच्या (युरिक ॲसिडने सांधे सुजण्याच्या) रुग्णांमध्ये हा खडा अधिक सापडतो. तो साध्या एक्स-रेवर दिसत नाही पण सोनोग्राफीत आणि सीटीत दिसतो, आणि तुम्हाला एक्स-रे सांगितला त्याचं हे एक कारण. म्हणून पडलेला खडा फेकू नका. लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून किंवा मलमलच्या फडक्यातून करा. वाळूच्या कणाएवढं, तपकिरी, काटेरी काही अडकलं तर धुऊन, वाळवून कोरड्या डबीत ठेवा आणि तपासायला पाठवा. खडा कशाचा हे कळलं की पुढची निम्मी दिशा ठरते.

बोअरच्या पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे येणारा दर दुसरा माणूस हेच म्हणतो: आमच्या गावचं पाणी क्षारी आहे. पाणी जड आहे हे खरंच, हंड्याच्या बुडाला पांढरा थर दिसतो. पण जड पाण्याने खडे होतात हे अभ्यासांमधून नीट सिद्ध झालेलं नाही. पाण्यातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला, म्हणजे भाज्या-दाण्यांतून येणाऱ्या खड्याच्या दुसऱ्या घटकाला, धरून ठेवतं आणि काही अंशी फायदाही करतं. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे दोष पाण्याच्या जातीपेक्षा पाण्याच्या कमतरतेचा आहे. फिल्टरचा जार परवडतो आणि चव आवडते म्हणून जास्त प्यायलं जात असेल तर जरूर घ्या. पण जार आणला आणि तीनच ग्लास प्यायलात तर उपयोग शून्य. नायट्रेट, फ्लोराइड किंवा जंतू यांसाठी बोअरचं पाणी तपासून घेणं चांगलंच, पण तो वेगळा विषय.

आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृगाचा पाऊस पडेपर्यंत जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर सगळा पट्टा तापतो, पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि याच दिवसांत आमच्याकडे मुतखड्याची रांग लागते. अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट होते, आणि जे क्षार विरघळलेले राहायला हवेत ते कणाकणाने बसू लागतात. तेव्हा "पाणी भरपूर प्या" या सल्ल्याचा नेमका अर्थ काय? मी आता ग्लास मोजायला सांगत नाही. धुळ्याकडचे एक काका ठामपणे म्हणाले होते, "डाक्टर, पानी तं मी भलतं पेस." खोटं बोलत नव्हते. दालमिलमध्ये काम, दिवसाला चार लिटर पाणी पिणारा माणूस. पण मोजली तर चोवीस तासांची लघवी पाऊण लिटरही भरेना. बाकीचं सगळं घामात.

म्हणून प्यायलेलं पाणी मोजू नका, लघवी मोजा. घरी करायची सोपी रीत सांगतो. एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली घ्या. रविवारी सकाळी सहाची लघवी सोडून द्या. तिथून पुढची प्रत्येक वेळची, रात्रीचीसुद्धा, बाटलीत करा. भरली की खूण करून ओता. सोमवारी सकाळी सहाची धरून हिशेब संपवा. अडीच बाटल्या भरल्या तर उत्तम, दोनच्या खाली राहिली तर पाणी कमी पडतंय. पहिल्यांदा संकोच वाटतो, पण महिन्यातून एकदा आणि ऋतू बदलला की एकदा केलं तरी पुरे. एरवी रंग बघा. लघवी फिक्या गव्हाच्या काडीसारखी असावी. मोहरीच्या तेलासारखी दिसली की तांब्या तोंडाला लावा.

पाण्याचा फायदा किती, याचा हिशेब आहे. इटलीतल्या पार्मा इथे पहिल्यांदाच खडा झालेल्या सुमारे दोनशे रुग्णांचे दोन गट करून पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं, तो अभ्यास १९९६ साली छापून आला. ज्यांनी दिवसाची लघवी दोन लिटरच्या वर ठेवली त्यांच्यात शंभरातल्या १२ जणांना पुन्हा खडा झाला. बाकीच्यांत २७ जणांना. एकाही गोळीशिवाय हा फरक. एरवी एकदा खडा झालेल्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना दहा वर्षांत पुन्हा होतो, म्हणून हे तुमच्यासाठी महत्त्वाचं.

झोपण्याआधी एक मोठा ग्लास घ्या, म्हणजे रात्री एकदा उठावं लागेल. उठलात की पुन्हा अर्धा ग्लास. रात्रीची लघवी सगळ्यात घट्ट असते, कण बसायला तीच वेळ. शेतात जाताना पाच लिटरचा कॅन न्या आणि बांधावर न ठेवता काम जिथे चालू आहे तिथे सावलीत ठेवा, कारण लांब ठेवलेलं पाणी पिणं राहून जातं हे तुम्हालाही माहीत आहे. हृदय कमजोर असलेल्यांनी, किंवा किडनी निकामी होत आलेल्यांनी मात्र हा सल्ला स्वतःला लावून घेऊ नये, त्यांच्या पाण्याचं माप वेगळं असतं.

इथे एक गोष्ट तुम्हाला शेतमालक म्हणून सांगायची आहे. कापूस वेचणीला तुमच्याकडे बाया येत असतील. त्यांतल्या कितीतरी जणी सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत मुद्दामच पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. तपासताना नवऱ्यासमोर त्या हे बोलत नाहीत. नवरा बाहेर गेला की हळूच सांगतात. खडा होतो, जंतुसंसर्ग होतो, आणि दोन्ही एकत्र झाले की मोठे, किडनीभर फांद्या पसरलेले खडे तयार होतात. शेताच्या कडेला चार बांबू आणि शेडनेटचा तुकडा लावून दिलात, शेजारी पाण्याचा माठ ठेवलात, तर माझ्याकडच्या कितीतरी ऑपरेशनपेक्षा जास्त काम होईल. यंदाच्या वेचणीआधी एवढं कराच.

जेवणाकडे वळू. टोमॅटो सुरू करा. वांगीही सुरू करा. खान्देशातल्या माणसाचं भरीत बंद करण्याइतकं कारण मला तरी माहीत नाही. टोमॅटो-वांग्याच्या बियांनी खडा होतो ही समजूत आहे, बिया पचनमार्गातून जातात, किडनीत पोचतच नाहीत. टोमॅटोत ऑक्झलेट अगदी थोडं असतं. केळी तर खुशाल खा, त्यात ऑक्झलेट कमी आणि पोटॅशियम भरपूर, त्याने लघवीतलं, खडा रोखणारं सायट्रेट वाढायला मदतच होते. ज्यांची किडनी निकामी झालीय त्यांना केळी कमी करायला सांगतात, तो नियम तुमचा नाही. ऑक्झलेट खरं जास्त असतं ते पालक, राजगिऱ्याची आणि माठाची भाजी, अळू, बीट, बदाम, काजू यांत. सोडायची गरज नाही, पण रोज रोज नको, आणि खाल तेव्हा सोबत वाटीभर दही किंवा ताक घ्या.

दूध बंद केलंत ही तुमच्या घरातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात होते. खडा कॅल्शियमचा, मग कॅल्शियम बंद, असा सरळ विचार लोक करतात. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं आणि दोन्ही शौचावाटे जातात. कॅल्शियम तोडलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात जातं आणि तिथून किडनीत उतरतं. पार्माच्याच डॉक्टरांनी २००२ साली १२० पुरुषांचा पाच वर्षांचा अभ्यास मांडला. दूध-दही तोडलेल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० पैकी १२ जणांनाच. तेव्हा दूध, दही, ताक आजपासून सुरू करा, जेवणासोबत. कॅल्शियमच्या गोळ्या कुणी दिल्या असतील तर त्याही उपाशीपोटी न घेता जेवताना घ्या. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या मात्र नकोत, शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं.

हात आखडायचा आहे तो मिठावर. मीठ जास्त झालं की किडनी सोडियमसोबत कॅल्शियमही लघवीत सोडते. दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. आता आपलं ताट बघा. शेवभाजीत रश्शाचं मीठ, शेवेचं मीठ. तोंडी लावायला ठेचा, लोणचं. वर पापड, बिबडे, कुरडया, आणि पापडखार म्हणजेही सोडियमच. वाळवणं घरची असली तरी मीठ ते मीठच. शेवभाजी पंधरवड्यातून एकदा खा आणि त्या दिवशी पापड-लोणचं बाजूला ठेवा, एवढं जमण्याजोगं आहे. काळ्या मसाल्याचं मटणही आठवड्याला एकदा, मापात. मांस जास्त झालं की युरिक ॲसिड वाढतं आणि खडा रोखणारं सायट्रेट घटतं. लिंबू चांगलं, त्यात सायट्रेट आहे, पण आपण सरबतात मीठ घालतो, साखर घालतो आणि केलेलं धुऊन काढतो. नुसतं लिंबू पिळलेलं पाणी प्या. ज्यांच्या लघवीत सायट्रेट फारच कमी निघतं त्यांना लिंबू पुरत नाही, औषधच लागतं.

उजव्या किडनीतल्या ४ मिमीच्या खड्याने घाबरू नका. तो वाट अडवत नाही. शिवाय सोनोग्राफीत लहान खडे आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात, आणि "काँक्रिशन" असं लिहिलेले दोन-तीन मिमीचे कण पुढच्या तपासणीत कधी सापडतही नाहीत. वर्षातून एकदा सोनोग्राफी, एवढं पुरे. नुसता रिपोर्ट बघून त्यावर ऑपरेशन सुचवणाऱ्याला एकदा विचारा, का.

डाव्या खड्याला वेळ आलीच तर तुमच्यासाठी सरळ उपाय दुर्बिणीचा: लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण नेऊन लेझरने खडा फोडतात, कुठे कापत नाहीत, बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडण्याची पद्धत म्युनिकमध्ये १९८० साली पहिल्यांदा माणसावर वापरली गेली. ती आजही आहे, पण किडनीतल्या लहान-मध्यम, फार कठीण नसलेल्या खड्यांना ती जास्त जमते. दोन सेंटीमीटरच्या वरच्या खड्याला पाठीतून छिद्र पाडून काढतात. तुमचा विषय तो नाही.

दुर्बिणीनंतर बहुधा आत एक मऊ नळी ठेवतील, डीजे स्टेंट, आपल्याकडे कुणी तिला स्प्रिंगही म्हणतं. ती असेपर्यंत लघवीला जळजळ, वारंवार जावंसं वाटणं, कधी लालसर लघवी, हे चालतं. ती ठरल्या तारखेला काढायची, सहसा दोन ते सहा आठवड्यांत. नंदुरबारकडच्या एका मुलाचा स्टेंट राहून गेला होता. ऑपरेशननंतर तो ऊसतोडीला गुजरातेत गेला, दुखत नव्हतं म्हणून विसरला, दीड वर्षाने आला. नळीवरच खडे चढले होते, दोन्ही टोकांना अंड्याएवढे गोळे. एका साध्या दहा मिनिटांच्या कामाऐवजी त्याला तीन ऑपरेशनं सोसावी लागली. त्याला काढण्याची तारीख कुणी कागदावर लिहूनच दिली नव्हती. तुम्ही ती मागून घ्या आणि घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. भरती होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलापाशी विचारा. भरती झाल्यावर, बिल झाल्यावर विचारून धावपळ होते.

राहिला धाकटा भाऊ. जवळच्या नात्यात खडा असेल तर धोका दुपटीहून जास्त असतो, पण त्याला काही त्रास नसेल तर आजच सोनोग्राफीची गरज नाही. त्याला बाटलीचं मोजमाप शिकवा आणि दोघांनी एकाच रविवारी करा. तुम्हाला मात्र, खडा पडला तरी, कॅल्शियम, युरिक ॲसिड आणि क्रिएटिनीनची रक्ततपासणी एकदा हवीच. दोन-तीन वर्षांत पुन्हा खडा झाला तर चोवीस तासांची लघवीही तपासायची आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनचं रक्तातलं प्रमाण बघायचं. आणि उद्या जाताना अठरा दिवसांपूर्वीचा रिपोर्ट, फिल्मसकट, सोबत न्या. सूज वाढली की उतरली हे सांगायला बघणाऱ्याला पहिलं चित्र हातात लागतं.